आधी काउंटरवर जाऊन बसा!

'रिक्वायरमेंट फ्रीझ झाली' हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. कुणाला विचारून फ्रीझ केली राव?

नॅनोचंच घ्या. स्कूटरवर भिजणाऱ्या कुटुंबासाठी एक लाखाची गाडी! इंजिनिअरांनी २००८ साली ती करून दाखवली. पण मागची डिकी बाहेरून उघडायला २०१५ उजाडलं. 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का दारात कोण मिरवणार? तो चुकलाच, हे खुद्द रतन टाटांनी नंतर मान्य केलं. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं.

आम्ही तरी काय वेगळं केलं? दवाखान्याचं बिलिंग सॉफ्टवेअर बनवलं, काउंटरवर एकदाही न बसता. तिथल्या मावशी अजून वहीतच लिहितात. चूक त्यांची नाही, आमची. कोड नंतर लिहा. आधी एक दिवस त्यांच्या शेजारी बसा!