फ्रेडी, मर्क्युरी आणि आमचा हजेरीपट

चरित्र या साहित्यप्रकारावरील तासिकेत एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न आम्हा दोघा अध्यापकांना अद्याप सोडत नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा २०१८ सालचा चित्रपट वर्गातील अनेकांनी पाहिलेला होता. तिने विचारले, “सर, पाचगणीत शिकलेल्या माणसाने आपले नाव का टाकले? त्याला आपली लाज वाटत होती का?” वर्गात हशा पिकला. आम्हीही हसून वेळ मारून नेली. तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, हे आता कबूल करणे भाग आहे.

फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगास ठाऊक असलेला गायक ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात जन्मला. त्याचे मूळ नाव फारोख बलसारा. गुजरातेतील बलसाड, म्हणजे आजचे वलसाड, हे गाव त्या आडनावातच आहे. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. आठ वर्षांच्या फारोखला त्यांनी सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवले. पियानोचे शिक्षण त्याने तेथे घेतले आणि ‘द हेक्टिक्स’ हे वाद्यवृंद-मंडळही शाळासोबत्यांसह तेथेच काढले. पुढे अफाट गळ्यासाठी गाजलेला हा मुलगा त्या मंडळात मुख्य गायक नव्हता; तो पियानो वाजवीत असे.

‘फ्रेडी’ ही हाक त्याला पडली ती लंडनमध्ये नव्हे, पाचगणीत. सोबती ज्या नावाने हाक मारीत, तेच पुढे घरच्यांनीही स्वीकारले. ‘मर्क्युरी’ हे आडनाव मात्र त्याने स्वतः घेतले, १९७० च्या सुमारास, ‘क्वीन’ची स्थापना होत असताना. म्हणजे नावाचा पूर्वार्ध इतरांनी दिलेला आणि उत्तरार्ध स्वतः निवडलेला. ‘नाव टाकले’ या एका क्रियापदात या दोन भिन्न घटना आपण कोंबतो, तेथेच चूक होते.

मराठीच्या अभ्यासकांना तर हे नवे वाटू नये. वि. वा. शिरवाडकरांना आपण कुसुमाग्रज म्हणतो. नारायण मुरलीधर गुप्ते ‘बी’ होतात, माणिक गोडघाटे चक्क ‘ग्रेस’ हा इंग्रजी शब्द धारण करतात, आणि त्यांना मराठीची लाज वाटत होती असे कोणी म्हणत नाही. कवीने नाव घेतले की ती प्रतिभेची खूण आणि रॉक गायकाने घेतले की तो मुळांशी द्रोह, असा न्याय समीक्षेला शोभत नाही.

अर्थात ही तुलना फार ताणता येणार नाही. टोपणनावाआड आपल्या कवींची आडनावे सुखरूप होती. नाशिकात शिरवाडकर हे शिरवाडकरच राहिले. बलसारा कुटुंब १९६४ च्या जानेवारीतील क्रांतीनंतर झांझिबार सोडून इंग्लंडला आले, तेव्हा फारोख सतरा वर्षांचा होता. चारच वर्षांनी, १९६८ मध्ये, इनॉक पॉवेल या खासदाराचे स्थलांतरितांविरुद्धचे भाषण तेथे गाजले. त्या काळात विमानतळावर सामान हलवण्याचे कामही केलेला हा तरुण रॉकच्या मंचावर उभा राहू पाहत होता. नावामागील कारण त्याने सविस्तर सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही. ते त्याच्या तोंडी घालण्याचा अधिकार आम्हांस नाही. बालपणाविषयीही मुलाखतींत तो क्वचितच बोलला. परंतु मौन म्हणजे नकारच, हे कशावरून? २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, एड्स झाल्याचे जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याचे अंत्यसंस्कार जरथुष्ट्री धर्मगुरूंनी केले.

याच्या उलट टोकाची चूकही आपल्याकडे होते. ‘आपला फ्रेडी’, ‘महाराष्ट्राचा फ्रेडी’ असे म्हणत त्याच्या कीर्तीत वाटा मागायचा. शाळेने पियानो दिला, सोबती दिले, हाक दिली. एवढे ऋण नोंदवावे आणि थांबावे. तेरा जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीच्या मैदानावर वीसेक मिनिटांत त्याने अवघा जनसमुदाय आपल्या आवाजामागे ओढून नेला, ते श्रेय पाचगणीच्या हवेचे नव्हे.

हे आम्ही छत्रपती संभाजीनगरात बसून लिहीत आहोत, हा योगायोग म्हणता येणार नाही. नावाची किंमत या शहराला शिकवावी लागत नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे हा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला. ते नाव प्रत्यक्ष लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले, आणि मधल्या काळात माणसे मेली, घरे जळाली. नाव लावण्यासाठी जेथे रक्त सांडले, तेथे नाव टाकणारा मनुष्य परका वाटणे स्वाभाविक आहे. तथापि दोन्ही कृतींचे मूळ एकच असू शकते: मी कोण, हे इतरांनी ठरवू नये.

आता हजेरीपटाविषयी. वर्षाच्या पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येकाला उभे करून ‘पूर्ण नाव, गाव’ विचारत आलो आहोत. आडनाव कानी पडताच मनात कोणते हिशेब होतात, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. आमच्याही मनात ते झालेले आहेत. काही मुले आडनावाशी येऊन अडखळतात, काही स्वतःचे आणि वडिलांचे नाव सांगून खाली बसतात. “आडनाव?” असे आम्ही पुन्हा विचारले आहे, दरडावूनही विचारले आहे. तो प्रश्न विचारणारी विद्यार्थिनीही वहीवर आडनाव लिहीत नाही, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

फारोखने नाव का टाकले, हे आम्ही तिला सांगू शकत नाही. नाव सांगताना वर्गात कोणाला का अडखळावे लागते, हे मात्र आम्हांला सांगता आले पाहिजे. यंदापासून पहिल्या दिवशी आम्ही एवढेच विचारणार आहोत: तुला कोणत्या नावाने हाक मारू?