कोयत्याच्या पात्यावरची रेघ

दिवाळी जवळ आली की ऊसतोडीची लगबग सुरू होते आणि लोहाराच्या भात्याला उसंत मिळत नाही. तोडणीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आपल्याकडे 'एक कोयता' असेच म्हणतात. ज्या हत्यारावर संसार चालतो, त्याचेच नाव माणसांना पडले. ऊस तोडायचा तो जमिनीलगत, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त. पण तिथेच दगडगोटेही असतात. पाते मऊ असेल तर धार वळते आणि दिवसाची तोड कमी भरते. पाते फार कडक असेल तर टवका उडतो, आणि तो डोळ्यात गेला तर नुकसान जन्माचे.

म्हणून धार कडक आणि पाठ चिवट असावी. त्यासाठी जाणता लोहार पाते लाल तापवून फक्त धारेची बाजू पाण्यात किंवा तेलात बुडवतो. यालाच 'पाणी देणे' म्हणतात. असे पाते घासून लखलखीत केले आणि त्यावर लिंबू चोळले, तर कडक व मऊ भागांचा रंग वेगळा दिसून मधे रेघ उमटते. जपानी तलवारीवरची नागमोडी रेघ ती हीच. तिकडे पाठीवर मातीचा जाड लेप व धारेवर पातळ लेप देऊन सबंध पाते पाण्यात बुडवतात.

ही रेघ किती ठळक उठेल, हे पोलादावर ठरते. जुनी कानस साध्या पोलादाची असेल, तर तिच्यात दर हजार भागांत दहा किंवा त्याहून अधिक भाग कार्बन असतो. तिच्यावर रेघ स्पष्ट उमटते. सुरी, विळी यांना ती चांगली. पण दगडावर आपटणाऱ्या कोयत्याला ठिसूळ पडते. ट्रक किंवा ट्रॉलीच्या पाट्यात कार्बन हजारी पाच-सहा भागच असतो. शिवाय मँगनीज, सिलिकॉन किंवा क्रोमियम मिसळलेले असल्याने कडकपणा खोलवर जातो आणि रेघ पुसट येते. तरीही कोयत्याला पाटाच उत्तम, कारण तो मार सोसतो. मात्र पाटा तुटला असेल, तर तुटल्या जागेलगतचा तुकडा घेऊ नये; तिथे न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. पाट्याला पाण्यापेक्षा तेल बरे, पाण्यात तो तडकण्याचा धोका असतो.

बांधकामाची सळई मात्र पात्याला घेऊ नये. तिच्यात कार्बन फार थोडा असतो, त्यामुळे पाणी देऊनही धार टिकत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. तुकडा फिरत्या सहाणेला लावावा. ठिणग्या फुटून झुपकेदार झाल्या तर पोलाद. लांब, सरळ रेघांसारख्या गेल्या तर मऊ लोखंड.

पाणी दिल्यावर पाते पुन्हा मंद आचेवर तापवून कडकपणा थोडा उतरवावा लागतो. घासलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. कोयत्याला तपकिरी रंगावर थांबलेले बरे.

नुसती रेघ पाहून कोयता घेऊ नये. नुसत्या घासणीनेही तशी रेघ काढता येते. बाजाराला जाताना खिशात बारीक कानस ठेवावी. ती पाठीवर सहज चावली पाहिजे आणि धारेवर जेमतेम. धारेवरून नुसतीच घसरली, तर पाते ठिसूळ समजावे. सहज चावली, तर ते मऊ आहे.

शेवटी घरची काळजी. कोरड्या सहाणेवर धार लावताना ती निळी पडली, तर तिथला कडकपणा गेला. पाते वरचेवर पाण्यात बुडवावे, किंवा सरळ ओल्या दगडावर धार लावावी. वेळ लागतो, पण कोयता हंगामभर साथ देतो.