नाममुद्रा कोणी कापली?

संगणकावर रचलेले संगीत हे संगीतच नव्हे, असे मत मराठी विभागांतील चहापानाच्या वेळी अजूनही निःशंकपणे मांडले जाते. एप्रिल उजाडला, मिरवणुकांतून भीमगीतांची 'डीजे मिक्स' घुमू लागली, की या मताला विशेष धार चढते. आम्हांस ते चुकीचे वाटते. त्याहून गंभीर बाब अशी की, खऱ्या अपराधाकडे त्यामुळे कोणाचे लक्षच जात नाही.

बजाजनगर ही वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेली कामगारवस्ती. दिवसपाळी करून परतलेल्या तेथील एखाद्या तरुणाला खोलीत स्टुडिओ थाटायचा तर काय लागते? एक लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, ४८ व्होल्टवर चालणारा कंडेन्सर माइक, पंचवीस पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, हेडफोन, आणि 'एफएल स्टुडिओ' हे १९९७ साली बेल्जियममध्ये 'फ्रूटीलूप्स' या नावाने जन्मलेले सॉफ्टवेअर. भिंतीवर जाड गोधड्या टांगल्या की खोलीचा घुमाराही कमी होतो. ध्वनिमुद्रणासाठी कंपन्यांचे उंबरठे झिजवण्याची गरज उरत नाही, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

'यंत्रात श्रुती नाहीत, मींड नाही' हा आक्षेप तर फार जुना आहे. अशाच कारणांसाठी ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले. इकडे नाट्यसंगीताचे मात्र पेटीवाचून पान हलत नव्हते. १९८३ पासून रूढ झालेली मिडी ही संकेतप्रणाली मुळात सप्तकाचे बारा समान भाग गृहीत धरते, हे खरे. परंतु तिच्यात स्वर वाकवण्याची सोय आहे. पेटीत तीही नव्हती. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलंडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर दहा राग बांधले. ती तबकडी तेव्हा दुर्लक्षित राहिली; २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा कुठे जगभरच्या जाणकारांचे कान टवकारले.

मग खरा अपराध कोणता? तुकोबांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत (१९२२–२००४) आपल्या कवींनी स्वतःचे नाव रचनेच्या शेवटी गुंफले. मिक्स करताना बहुधा ध्रुवपद तेवढे उचलले जाते. त्यातली एखादी ओळ कापून पुनःपुन्हा चिकटवली जाते. शेवटचे कडवे गळते आणि त्याच्याबरोबर 'वामन' हे नावही. फाइलीवर उरते ते मिक्स करणाऱ्याचे नाव.

हे सॉफ्टवेअरने केले काय? त्याच पडद्यावर अख्खे गीत सहज मावते. कात्री माणसाने चालवली. पण त्या तरुणावर डोळे वटारण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे, की नाममुद्रा म्हणजे कवीची सही, हे त्याला कोणी सांगायचे होते? आम्ही शिक्षकांनीच. आम्ही ती संतकाव्याच्या टिपेत पाच गुणांपुरती शिकवली आणि वर्गाबाहेर वाजणाऱ्या गीताला गोंगाट म्हणून मोकळे झालो.

या गीतांवर वर्गात बोलले पाहिजे, लिहिले पाहिजे. मिक्स करणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटचे कडवे राखायला आणि फाइलीवर कवीचे नाव घालायला सांगितले पाहिजे. त्यासाठी अगोदर ते मिक्स शेवटपर्यंत ऐकावे लागेल. कानांत बोटे घालून बसलेल्या समीक्षकाला एक नाव पुसले गेले, हे कळणार तरी कसे?