गच्चीवरील यंत्रांच्या आवाजाबाबत कोडोलीच्या रहिवाशांना जाहीर आवाहन

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीत कौलारू घरांच्या जागी सिमेंटचे स्लॅब आल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली उन्हाळ्याच्या रात्री काढणे कठीण झाले आणि कूलर, एक्झॉस्ट फॅन, एअर कंडिशनर ही यंत्रे ओघानेच आली. मात्र ज्या स्लॅबमुळे ती घ्यावी लागली, तोच त्यांचा आवाज घराघरांत पोहोचवतो, हे ती बसवताना सहसा ध्यानात घेतले जात नाही.

हा आवाज दोन वाटांनी पसरतो. पंख्याची घरघर हवेतून जाते आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सुमारे 6 डेसिबलने उतरते. डेसिबल हे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक होय. कॉम्प्रेसरचे, म्हणजे यंत्रातील वायू दाबणाऱ्या भागाचे, कंपन मात्र लोखंडी स्टँड आणि बोल्ट यांच्यावाटे थेट स्लॅबमध्ये व भिंतीत शिरते, आणि गावठाणात जेथे दोन घरांची भिंत सामाईक असते तेथे ते शेजाऱ्याच्या उशाशी जाऊन पोहोचते. खिडक्या लावून ते थांबत नाही. पहाटे धारेला उठणारा शेतकरी, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार, आजारी माणूस आणि तान्हे मूल यांची झोप त्यात जाते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ती 10 किंवा अधिक डेसिबलने ओलांडली गेल्यास रहिवाशाला तक्रार करता येते. परंतु 10 डेसिबलची वाढ कानाला जवळजवळ दुप्पट भासते; म्हणजे तक्रारीची वेळ येईपर्यंत शेजाऱ्याची झोप केव्हाच उडालेली असते, म्हणून मोजणीची वाट न पाहता त्याचा शब्द पुरेसा मानणे उचित ठरेल.

उपाय बहुधा स्वस्त आहेत. यंत्राच्या पायांखाली जाड रबरी पॅड घालावेत, ते स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईवर ठेवावे, सैल स्क्रू आवळावेत, पंख्याच्या पात्यांवरील धूळ काढावी, कारण असमान साचलेल्या धुळीने पाती तोल सोडून फिरतात, आणि बेअरिंग कुरकुरत असल्यास ते वेळीच बदलावे. यंत्राचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा दोन भिंतींमधील अरुंद बोळात असू नये, कारण तेथे आवाज भिंतींवर आदळून वाढतो. पत्र्याच्या बंद पेटीत यंत्र कोंडणे ही चूकच होय. हवा न मिळाल्याने ते तापते आणि अधिक जोराने चालते. आडोसा करायचा असल्यास हवा खेळती ठेवून, शेजाऱ्याच्या खिडकीतून यंत्र दिसणार नाही इतका उंच करावा.

गच्चीवर यंत्र असलेल्या प्रत्येक घरमालकाने एका रात्री 10 नंतर ते चालू ठेवून शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीत काही वेळ बसावे आणि तेथे जे ऐकू येईल त्याप्रमाणे उन्हाळ्यापूर्वी दुरुस्ती करून घ्यावी, असे कळकळीचे आवाहन करण्यात येत आहे.