सेफ्टी लावली म्हणजे झाले?

"बंदूक आपोआप उडत नाही, माणूस उडवतो." लोहारा परिसरात रानडुकरांनी हरभरा नासवल्याचा विषय निघाला, की एक अनुभवी परवानाधारक हे ठासून सांगतात. बोल्ट-अॅक्शन रायफल दणकट, तिची सेफ्टी लावली की चिंता मिटली, आणि तरीही गोळी सुटलीच तर बोट चापावर होते, असे धरून चालावे. म्हणजे चौकशीच्या आधीच निकाल!

हे मत धोक्याचे आहे. रेमिंग्टन ७०० ही अमेरिकेत अतिशय खपलेली शिकारी रायफल. तिच्या जुन्या रचनेत चाप आणि सीअर (फायरिंग पिन अडवून धरणारा भाग) यांच्यामध्ये एक सुटा तुकडा होता. घाण किंवा चिकटलेल्या तेलामुळे तो जागेवर परतला नाही, तर सीअरला आधार उरत नाही, आणि सेफ्टी उतरवताच गोळी सुटू शकते. २००० साली मोंटानात रायफल रिकामी करण्यासाठी एका आईने सेफ्टी उतरवली आणि गोळी सुटून तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. चापाला बोट लागले नव्हते, असे कुटुंब सांगत राहिले; कंपनी दोष नाकारत राहिली. पण २०१४ मध्ये त्याच कंपनीने २००६ पासूनचे नव्या बनावटीचे चाप परत मागवले. त्यांत चिकटद्रव्य जास्त पडल्याने गोळी अनाहूत सुटू शकते, हे तिनेच मान्य केले. यात माणूस कुठे चुकला?

'आपल्याकडे ती रायफल कुठे आहे?' हाही बचाव पुरत नाही. आपल्याकडची, ईशापूर कारखान्यातली .३१५ रायफल ली-एनफील्डच्या घडणीची. तिची सेफ्टी चापाला नव्हे, फायरिंग पिनच्या मागच्या भागालाच अडवते. ही रचना निश्चितच उजवी. पण तीच सेफ्टी बोल्टही बांधून ठेवते, म्हणून भरलेली रायफल रिकामी करताना ती उतरवावीच लागते. भाग झिजले असतील, किंवा दुसऱ्या रायफलीचे बसवले असतील, तर धोका नेमका त्याच क्षणी समोर येतो.

'शिकार बंदच आहे, मग ही चर्चा कशाला?' वनखात्याच्या परवानगीने उपद्रवी रानडुक्कर मारता येते, म्हणून. 'मग ठासणीची बंदूक घ्या.' १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी तिचा उल्लेख आहे. पण घरातली रायफल त्याने नाहीशी होत नाही.

माझे म्हणणे इतकेच. परवान्याच्या नूतनीकरणावेळी क्रमांकाबरोबर यंत्रणाही तपासावी. रिकामी रायफल कॉक करून सेफ्टी लावावी, चाप जोरात ओढून सोडावा, मग सेफ्टी उतरवावी. पिन सुटली, तर रायफल शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे गेलीच पाहिजे. आणि सेफ्टी उतरवताना नळी कोणाही माणसाकडे असता कामा नये. माणसाने जबाबदार असावे, हे मलाही मान्य आहे. त्या जबाबदारीत यंत्र तपासणेही येते.