सहावीच्या वर्गात खेळरचना
पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आल्यानंतर, सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना व्हिडिओ गेमची रचना शाळेतच शिकवली जावी, अशी या दैनिकाची स्पष्ट भूमिका आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने याच टप्प्यावर कोडिंगला, म्हणजे संगणकासाठी क्रमवार आज्ञा लिहिण्याच्या कौशल्याला, स्थान दिले आहे. स्क्रॅचसारख्या मोफत साधनात त्या आज्ञा रंगीत ठोकळे जोडून देता येतात.

खेळ रचताना बक्षीस कधी द्यायचे आणि कधी रोखायचे हे स्वतः ठरवणारे मूल खेळाडूला पडद्याशी जखडून ठेवणारी योजना ओळखू लागते, आणि हा लाभ कोणतीही बंदी देऊ शकत नाही.

मात्र हे शिक्षण खासगी शिकवण्यांवर सोडले, तर ते शुल्क परवडणाऱ्या घरांपुरतेच उरेल. म्हणून राज्य शासनाने येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांचे प्रशिक्षण पूर्ण करून मराठी पाठ्यसाहित्य उपलब्ध करून द्यावे.