घोडा बदला, टांगा कशाला?

जुन्या गाडीत मोबाइलवरची गाणी वाजवायची असतील तर आधी जुना स्टिरिओ काढून फेकावा लागतो, ही हल्ली आपल्याकडे पसरलेली एक शंभर नंबरी थाप आहे. ती इतक्या सभ्य चेहऱ्याने मारली जाते की ऐकणाऱ्याला आपल्याच स्टिरिओची लाज वाटायला लागते. "काका, कुठल्या जमान्यातला सेट आहे हो हा?" असं दुकानातला पोरगा हसून म्हणतो आणि काका निमूट पाकीट काढतात. आज त्या थापेविरुद्ध लिहायचं आहे. ज्यांनी गेल्या दिवाळीत नवीन स्क्रीन बसवून घेतली त्या नातेवाइकांनी (कोण ते त्यांना ठाऊक आहे) मनाला लावून घेऊ नये. किंवा घ्यावं थोडंसं.

आमच्या बदलापूरच्या नावाची एक कथा सांगतात. जुन्या काळी या वाटेने जाणारे प्रवासी इथे थांबून दमलेले घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर. कथा खरी की मागाहून रचलेली, ते इतिहासवाल्यांनी ठरवावं. मला तिच्यातलं शहाणपण आवडतं. घोडे बदलत, मंडळी. टांगा नाही. घोडा दमला म्हणून कुणी टांग्याला काडी लावत नसे.

स्टिरिओचंही अगदी असंच आहे. त्याच्या पोटात ढोबळमानाने तीन खाती असतात. एक गाणं आणणारं : कॅसेट, सीडी, रेडिओ जे काय असेल ते. दुसरं आवाज कमी-जास्त करणारं. आणि तिसरं अ‍ॅम्प्लिफायरचं, जे त्या नाजूक सिग्नलला बळ देऊन स्पीकर हलवतं. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली, १९८२ साली सीडी बाजारात आली, मग पेनड्राइव्ह आला, मग फोन. घोडे बदलत गेले. टांगा मात्र तोच राहिला : १२ व्होल्टची बॅटरी, ४ ओहमचे स्पीकर आणि मधला अ‍ॅम्प्लिफायर. समोर आलेला सिग्नल सीडीवरून आलाय की फोनमधून, हे त्या बिचाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला कळतही नाही. मग तो जुना झाला म्हणजे नक्की काय झालं?

आमच्याकडे २००५ सालची वॅगन-आर आहे. एमएच ०५, म्हणजे कल्याण आरटीओची. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर रीतसर नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलेली. तिच्यातला सीडी प्लेयर सीडी वाचेनासा झाला (लेन्स गेली असावी), पण रेडिओ खणखणीत वाजत होता. रेडिओ खणखणीत वाजतोय याचा अर्थ अ‍ॅम्प्लिफायर ठीक, स्पीकर ठीक, वायरिंग ठीक. म्हणजे एक घोडा लंगडा झाला, इतकंच. कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या एका चकचकीत दुकानात हे सांगितलं तर उत्तर काय? "पूर्ण सेट बदलून टाका. नऊ इंची अ‍ॅण्ड्रॉइड लावून देतो. आवाज बघा, बावन्न वॅट गुणिले चार!"

आता या बावन्नचा एकदा हिशोब करू. दहावीचं विज्ञान पुरतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर ४ ओहमचा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट. १४.४ चा वर्ग २०७, भागिले ४, आले बावन्न! पण हे कधी? गाडीतला सगळाच्या सगळा व्होल्टेज सतत, क्षणभरही न उतरता स्पीकरवर आदळत असेल तेव्हा. त्याला गाणं म्हणत नाहीत, त्याला खरखराट म्हणतात. शुद्ध सुराची लाट वरखाली होते, म्हणून तिच्यातून जास्तीत जास्त निम्मे, म्हणजे सव्वीसेक वॅट मिळू शकतात. तेही मधली सगळी गळती शून्य धरून. व्होल्टेज वाढवणारी खास सोय नसलेला कुठलाही सेट घ्या, पाच हजारांचा असो की पन्नास हजारांचा, हे गणित सुटत नाही. तुमच्या जुन्या सेटलाही तेच लागू आणि नव्यालाही तेच. मग खोक्यावरचा मोठा आकडा कशाचे पैसे मागतो? छपाईचे!

दुसरा मुद्दा स्क्रीनचा. आमचे बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. अजून सकाळी गाडी काढतात, स्टेशनपर्यंत कुणाला सोडायचं असेल तर हौसेने सोडतात. आवाजाचं गोल बटण कुठे आहे हे त्यांच्या डाव्या हाताला माहीत आहे. डोळे रस्त्यावर, हात बटणावर. सपाट काचेवर बोट नक्की कुठे पडलंय हे बोटाला कळत नाही, त्यासाठी डोळे वळवावे लागतात. आणि कात्रपच्या चौकात संध्याकाळी डोळे वळवणं म्हणजे काय, ते तिथे गाडी चालवलेल्यांनाच विचारा. ज्या सुधारणेमुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीत परकं वाटतं, तिला मी सुधारणा म्हणायला तयार नाही.

"मग करायचं काय?" असं विचाराल. सांगतो, स्वस्तापासून सुरुवात करून.

सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचा एफएम ट्रान्समीटर सगळ्यात सोपा. फोनमधलं गाणं हा एका छोट्या रेडिओ स्टेशनसारखा हवेत सोडतो आणि स्टिरिओ ते पकडतो. कल्पना छान, पण आपण राहतो मुंबईच्या पट्ट्यात. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या मध्ये आधीच ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३ अशी खच्चून गर्दी. विठ्ठलवाडीला जी जागा मोकळी वाटते तिथे अंबरनाथ येईपर्यंत दुसरंच कुणी बोलायला लागतं. त्यात एफएमवर आवाजाचा वरचा पट्टा पंधरा हजार हर्ट्झच्या आसपास कापलाच जातो. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

कॅसेटवाला सेट असेल तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळतो. त्याच्या आतलं छोटं हेड तुमच्या प्लेयरच्या हेडला चिकटून चुंबकीय पद्धतीने गाणं पोचवतं. एक स्क्रूही न काढता काम होतं. थोडी खरखर येते, पण ट्रान्समीटरपेक्षा शतपटीने बरं.

तिसरा उपाय खरा. पण त्याआधी सेट बाहेर काढून त्याची पाठ बघा! दोन हजारच्या दशकातल्या कित्येक सेटना मागे ऑक्सची किंवा सीडी चेंजरची जागा असते आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ताच नसतो. काहींत ऑक्स असतं पण सेटिंगमध्ये बंद ठेवलेलं असतं. विकत घेण्याआधी आपल्याकडे काय आहे ते बघावं, हा साधा नियम दुकानदार तुम्हाला सांगणार नाही. त्याने का सांगावा?

मागे काहीच नसेल तर सेट उघडून ऑक्सची वायर काढायची. म्हणजे गाणं आणणारं खातं आणि आवाज ठरवणारं खातं यांच्या मधल्या वाटेवर, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, एकेक कपॅसिटर घालून बाहेरून सिग्नल द्यायचा. कॅसेट प्लेयर असेल तर हेडच्या तारांवर डाग देऊ नका. तिथला सिग्नल अगदी क्षीण असतो आणि पुढचा प्रीअ‍ॅम्प त्याला प्रचंड वाढवतो. फोनचा सिग्नल तिथे दिलात तर नुसता गोंगाट. प्रीअ‍ॅम्पच्या पुढे द्यायचा. आणि स्पीकरची काळी पट्टी असलेली वायर 'मायनसच तर आहे' म्हणून गाडीच्या पत्र्याला कधीही जोडू नये. या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी अ‍ॅम्प्लिफायरमधून येतात. पत्र्याला लावलीत की अ‍ॅम्प्लिफायर जायची भीती.

आमच्या सेटचं हे काम उल्हासनगरात कॅम्प नंबर दोनमधल्या एका गाळ्यात झालं. साठीचे सिंधी गृहस्थ, सगळे त्यांना साईं म्हणतात. त्यांना मी थेट ब्लूटूथची पाटीच सेटच्या आत बसवायला सांगत होतो. ते म्हणाले, "वो कल खराब होगा, परसों नया आयेगा. हर बार डब्बा खोलोगे? वायर बाहर निकालता हूँ, जो लगाना है लगाओ." हे वाक्य सोन्याच्या फ्रेममध्ये लावण्यासारखं आहे. ब्लूटूथ हा घोडा आहे, ऑक्सची वायर हे जू आहे. जू पक्कं बसवा, घोडा कुठलाही जुंपा. २०१६ साली अ‍ॅपलने आयफोनमधून हेडफोनचं भोक काढून टाकलं, मग इतरांनीही तोच कित्ता गिरवला. भोक गेलं म्हणून वायर वाया गेली का? नाही. तिच्या टोकाला काडेपेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर लावला, संपलं. उद्या तिसरंच काही आलं तर तेही तिथेच लागेल.

इंजिन रेटलं की बारीक 'कुंईऽऽ' आवाज यायला लागला, कारण रिसीव्हरची वीज आणि सिग्नल दोन्ही गाडीच्या एकाच अर्थिंगवर फिरत होते. साईंनी मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला आणि आवाज गप्प. अर्धा तास काम. बिल म्हणाल तर चौघांच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी. बाबांचं गोल बटण जागच्या जागी!

आता समोरची बाजू. रिव्हर्स कॅमेरा? हवा असेल तर आरशावर बसणारी छोटी स्क्रीन मिळते, त्यासाठी स्टिरिओचा जीव घ्यायला नको. नकाशा? तो फोनवर आहेच, फोनला स्टॅण्ड लावा आणि पत्ता गाडी हलायच्या आधी घाला. नवीन गाडीत, जिथे स्टिरिओ गाडीच्या संगणकाशी जोडलेला असतो किंवा वॉरंटी चालू असते, तिथे मात्र मीही म्हणेन की उघडू नका. अ‍ॅम्प्लिफायरच जळला असेल, किंवा आमच्याकडे २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली तेव्हासारख्या पुरात सेट बुडाला असेल, तर बदला, खुशाल बदला. माझं भांडण नव्या वस्तूशी नाही. चालत्या वस्तूला मेलेली ठरवण्याशी आहे.

आणि भांडण फक्त पैशाचंही नाही. फेकलेला सेट 'जातो' कुठे? भंगारात. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, शिशाचे डाग लागलेली पाटी कुठेतरी पडते. अंबरनाथच्या शिवमंदिराला खेटून जाणारी वालधुनी पुढे उल्हासनगरात कशी होते, ते बघणाऱ्यांना 'फेकून द्या' या शब्दांचा अर्थ वेगळा समजवायला नको.

त्याहून मोठी गोष्ट माणसांची. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. हातात काही नसलेल्या माणसांनी ते नसलेलं बनवायला आणि असलेलं टिकवायला शिकून हे गाव उभं केलं. 'मेड इन यूएसए' म्हणून आपण हसतो (उल्हासनगर सिंधी असोसिएशन म्हणे!), पण उघडून बघायची, समजून घ्यायची आणि चालू करून द्यायची जी हिंमत त्या गाळ्यांत होती, ती आपल्या शिकलेल्या घरांत किती आहे? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. उत्तम. पण हक्क कागदावर आणि डाग देणारा हात बाजारातून गायब, असं झालं तर तो हक्क काय चाटायचा? साईंचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. पोरगा आळशी नाही. दुरुस्तीला येणारं गिऱ्हाईकच आटलंय. ते गिऱ्हाईक म्हणजे आपण.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी कुणी "पूर्ण सेटच बदला" म्हणालं, तर त्याला एकच प्रश्न विचारा : "यातलं नेमकं काय बिघडलंय?" उत्तर देता आलं तर त्याच्याकडून काम करून घ्या. नाही आलं, तर तो कारागीर नव्हे, विक्रेता आहे. त्याला नमस्कार करा आणि डाग देणारा शोधा. अजून आहेत. किती दिवस राहतील, ते आपल्यावर आहे.